वहीतला ‘आ’

खडूचं एक टोक नव्हतं. तिने बोट फिरवून पाहिलं – टोक होतं, सकाळीच ब्लेडने तासलेलं, पेराला टोचतही होतं. पण डोळ्यांना दिसत नव्हतं. नजर जराशी हलवली तर टोक दिसलं आणि त्याच्या शेजारची रेघ गेली, रेघेवर नजर नेली तर तिच्याखालच्या निळ्या चौकडीतला एक चौकोन… काळा नाही, पांढरा नाही, नुसता नाहीच. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा. म्हणजे साडेअकरापर्यंत आता आपण कुणाच्या कामाच्या नाही.

समोरच्या लांब टेबलावर शाळेच्या गणवेशाच्या कापडाचे चाळीस थर अंथरलेले होते, आणि हाताशी कापायचं यंत्र, त्याचं उभं, बारीक पातं. कपडे शिवण्याच्या या कारखान्यात कटिंग मास्टर आजवर पुरुषच असत; नऊ वर्षांपूर्वी ती त्या जागेवर आली तेव्हा हाक काय मारायची हेच कुणाला सुचेना, शेवटी ‘मास्टरबाई’ झालं. मास्टरबाईंचा हात चुकत नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगत. महिन्यातून तीन-चारदा मास्टरबाई अर्धा तास मापं घेण्याचं सोंग करत उभी असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तिने यंत्राचा प्लग काढला. ते न दिसणं वाढायला लागलं होतं – आधी नखाएवढी कोर, मग कोयरी, तिची कड नागमोडी कात्रीने कातरल्यासारखी, आणि ती कड जिवंत, उकळत्या पाण्यागत थरथरणारी. डोळे मिटले तरी ती पापणीच्या आत तशीच. डाव्या अंगाची दुनिया हळूहळू तिच्या पोटात जायची. पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं होतं, डोळे गेले. आता माहीत होतं की वीस-पंचवीस मिनिटांनी कोर कडेला सरकेल, निघून जाईल, आणि मग डोकं. पण माहीत असून काय…

आज का पण?

“हे डोळ्यांचं नाही, अर्धशिशी आहे,” असं डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं. “एक वही घाला. कधी आलं, आधी काय खाल्लं, किती झोपलात, ऊन, वास, सगळं लिहा. कारण सापडलं तर टाळता येईल.” तिने पट्टीने रेघा मारून रकाने पाडले होते. चहा सोडला, चॉकलेट सोडलं, रविवारीही सहाच्या ठोक्याला उठू लागली. चौकडीच्या कापडाचा संशय आला तेव्हा साध्या कापडाचे दिवस निराळे मोजले. त्या दिवशीही आलं. आणि मग एका संध्याकाळी, रागाच्या भरात, तिने शेवटी एक रकाना वाढवला आणि त्याच्या माथ्यावर नुसतं ‘आ’ लिहिलं.

वडील गेल्यावर आई तिच्याकडे राहायला आली त्याला दोन वर्षं होत होती. पंखा का चालू आहे, उशीर का झाला, एवढंसंच का खाल्लंस – दिवसभर पाणी ठिबकत राहावं तसं. ज्या दिवशी दोघींची वाजे आणि वर डोळ्यांपुढे ती कोरही येई, त्या दिवशी ‘आ’खाली फुली. फुल्या भराभर वाढल्या. कारण सापडलं, असं वाटून तिला बरंही वाटलं होतं… हो, बरंच वाटलं होतं मला. कुणाला सांगू?

चार महिन्यांपूर्वी औषधाची चिठ्ठी शोधताना ती वही आईच्या हाती लागली.

“हा ‘आ’ म्हणजे काय गं?”

“आंबट,” ती पटकन म्हणाली. “आंबट खाल्लं त्या दिवसाची फुली.”

आईने चष्मा नाकावर नीट बसवला, एकेक पान उलटलं. “पुष्कळ आहेत गं,” एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून घरात लिंबू येईनासं झालं, दह्याचं भांडं पालथं पडलं. लिंबाच्या फोडीशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नसे ती बाई खाली मान घालून सपक जेवू लागली. बोलणंही मोजकं झालं. आणि गेल्या आठवड्यात तिने आपण होऊन धाकट्याला फोन केला: “थोडे दिवस मला तुझ्याकडे घेऊन जा रे. हिला जरा उसंत मिळेल.”

आज सकाळी भाऊ गाडी घेऊन आला. “ताई, तू काळजी करू नकोस, आईची सगळी सोय केलीय,” म्हणाला. आई खिडकीतून म्हणाली, “डोकं सांभाळ.” गाडी कोपऱ्यावर वळली, आणि तिचा जीव असा काही भांड्यात पडला की आपले खांदे इतके दिवस वर चढलेले होते हे तिला ते खाली आले तेव्हा कळलं. मी तोंडाने काही म्हटलं नव्हतं. खांद्यांनी म्हटलं.

“मास्टरबाई, मशीन बंद का?” काजं करणारी बाई मागे येऊन उभी होती. तिचा अर्धा चेहरा नव्हता. एक कान आणि हसणं तेवढं होतं.

“चौकडी जुळत नाहीये.”

“मघाशी तर जुळली होती.” बाईने तिच्याकडे निरखून पाहिलं, मग स्टूल तिच्या पायाशी सरकवलं आणि काही न विचारता निघून गेली.

तेवढ्यात फोन वाजला. नाव वाचता आलं नाही, आवाज आईचा.

“पोचले गं. तुझं कसं आहे?”

आई, आजही आलंय. तू नाहीस तरी आलंय – असं सांगायचं होतं. वाक्य डोक्यात स्वच्छ होतं, पण तोंडातून आलं ते, “थर… थर पोचले नाहीत.” तिने पुन्हा प्रयत्न केला. शब्द हाताशी असावेत आणि भलतेच उचलले जावेत, तसं. “चौकोन… तू चौकोन नाहीस.”

“कामात आहेस वाटतं. ठेवते मग,” आई म्हणाली. आणि ठेवला.

दुपारी डोक्याची उजवी बाजू ठणकू लागली. मालकांना पोटाचं निमित्त सांगून ती घरी आली, पडदे ओढून पडली. पाचच्या सुमाराला उठता आलं तेव्हा तिने वही उघडली, आणि पहिल्यांदाच फुल्यांऐवजी वेळा पाहिल्या. रविवार, दुपारी तीन – आई भांडून झोपली होती तेव्हा. गुरुवार, सकाळी दहा – आई शेजारी गेली होती. शनिवार, काम संपल्यावर. भांडण चालू असताना एकदाही नाही. डॉक्टर जाता जाता बोलले होते तेही आता आठवलं: “काहींना ताण असताना येत नाही, ताण उतरला की येतं.” ती तेव्हा हसली होती. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? आणि टाळायचं कसं?

तिने आईला फोन लावला. आता शब्द जागेवर होते.

“आई, आज आलं होतं. अकरा वाजता.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. “मी नसताना?”

“हो.”

“म्हणजे माझ्यामुळे नव्हतं ते.”

‘आंबट’ या शब्दावर आईने कधीच विश्वास ठेवला नव्हता. चार महिने दोघी तो निमूट पाळत होत्या, इतकंच. आता आई म्हणेल, मग येतेच मी परत. ती वाट पाहत राहिली.

“बरं झालं सांगितलंस,” आई म्हणाली. तिचा आवाज मोकळा झाला होता, वडील गेल्यापासून तो असा ऐकला नव्हता. “आता राहते मी इथे निवांत. तिथे सारखा जीव टांगणीला असायचा बघ. भांडं वाजलं तरी वाटायचं, हिचं डोकं उठलं की काय.”

“किती दिवस राहशील?”

“बघू. इथे बरं वाटतंय.”

फोन ठेवून ती पलंगाच्या कडेवर बसली. स्वयंपाकघरात सामसूम होती. रडू यायला हवं होतं, निदान राग. पण आतल्या आत खूप खोलवर काहीतरी सैल होऊ पाहत होतं – आणि ते होऊ नये म्हणून तिने खांदे वर ओढून धरले, श्वास अर्धाच घेतला, आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर नजर खिळवून, कुठे काही कमी दिसतंय का ते पाहत राहिली.