ठकीचं औषध

“तुळजाबाई, आधी ती दुरडी ओट्याखाली ठेवा,” राधाकिशन वैद्य धोतर सावरून मागं सरकले. “मांजराला मी औषध देत नसतो.”

“कावून? त्याला जीव न्हाई का?”

दुरडीत ठकी पाय ताणून झटके देत होती. तोंडाला फेस, डोळे पांढरे.

“जीव हाय म्हणूनच! माझ्या पुडीनं मेलं तर मांजर मारल्याचं पाप कुणाला? सोन्याचं मांजर करून काशीला तुमी नेणार का?”

घ्या! फेफऱ्यानं मेलं तर पाप नाही, औषधानं मेलं तर मात्र पाप. असल्या शहाणपणापुढं डोकं आपटावं तरी कुठं? तुळजाबाई दुरडी उचलून तरातरा निघाली. ती नेकनूरची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, पण स्वतःच्या घरी तिची वाट बघणारं हे एवढं एकच जनावर होतं.

शेजारच्या चतुराबाईला डोळे दाखवायचे होते, तिच्या गाडीतून तुळजाबाईही बीडच्या दवाखान्यात गेली. दारातल्या चपराशाला तिनं हळूच विचारलं, “मांजराचं औषध मिळंल का?”

“हितं माणसाला पुरंना अन् मांजराला? चल हो पुढं!”

डॉक्टरसाहेबांपुढं उभी राहीपर्यंत ती संतापानं नुसती धुमसत होती.

“क्या तकलीफ है?”

“फेफरं,” ती म्हणाली. “मलाच येतं.”

बाकावरच्या बाया तिच्यापासून सरकून बसल्या. साहेबांनी बाटली भरून दिली. “पहला घूँट यहीं पियो, मेरे सामने. घर जाकर फेंक देती हो तुम लोग.”

पिणं भाग होतं. खारट पाणी घशाखाली ढकलताना समोर डोळे विस्फारून बसलेली चतुराबाई तिला दिसली. बाटली मिळाल्यावर मात्र तुळजाबाईला बाकी कशाची पर्वा राहिली नाही.

ठकीला जुन्या लुगड्यात गुंडाळायचं, ओरबाडून घ्यायचं आणि बोटानं थेंब थेंब जिभेवर सोडायचा, हा रोजचा उद्योग झाला. झटके पार गेले नाहीत, पण लांबले. ठकी पुन्हा चुलीपाशी अंग चाटत बसू लागली. तुळजाबाईला इतका आनंद झाला की गावात आपल्याविषयी काय चाललंय, याची तिला दादच नव्हती. एका घरचं बाळंतपण दुसऱ्या सुईणीकडं गेलं, तेव्हा असेल काही, म्हणून तिनं सोडून दिलं. अंजना तर आपलीच होती. चतुराबाईच्या या सुनेचं पोट सातव्या महिन्यापासून तीच बघत आलेली.

एका दुपारी भिंतीपलीकडून अंजनाचं कण्हणं ऐकू आलं. तुळजाबाईनं कोपरापर्यंत हात धुतले आणि ती धावली. दारात चतुराबाई आडवी.

“तू नको. पाटोद्याची सुईण आलीय.”

“अगं, पोर आडवं हाय तिचं! मला ठावं हाय.”

“अन् पोर हातात असताना तुला झटका आला तर?”

“मला काय बी न्हाई! औषध ठकीचं हाय, खोटं बोलले मी!”

“मांजराचं औषध माणूस पेतं व्हय? माझ्या डोळ्यांदेखत पेलीस तू. मांजराचं फेफरं तुला लागलं, आता माझ्या नातवाला नको लावू, बाई. पाया पडते.”

“आत्याला बलवा!” आतून अंजना किंचाळली. “तुळजाआत्या!”

चतुराबाईनं दार लावून घेतलं.

तुळजाबाई घरी आली. क्षणभर बाटली भिंतीवर फोडावीशी वाटली. मग ती भिंतीला तोंड लावून ओरडू लागली, “अंजना, कुशीवर हो! डाव्या कुशीवर! अगं पाटोदेवाली, घाई नको, पोर फिरू दे! दम खा, पोरी. आता दे कळ!”

ऐकलं की नाही, कोण जाणे. ओरडून तिचा घसा बसला, उन्हं कलली, तेव्हा बाळाचा टाहो आला आणि पाठोपाठ अंजनाचं रडणं. जगली! दोघंही जगली! तुळजाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं.

“काय झालं गं?” तिनं भिंतीवर थाप मारली. “पोरगा का पोरगी?”

पलीकडं बाया हसत होत्या, भांडी वाजत होती. तिनं पुन्हा विचारलं. कुणी सांगितलं नाही.