चादरीचं दुसरं टोक

"ओढ की गं! खाल्लंस ते जातं कुठं?"

"तुम्हीच दांडगाईनं खेचता, जाऊबाई. भिंतीवर आपटेन मी एक दिवस!"

हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात या दोघी जावा नऊ वर्षं अशाच समोरासमोर. चादर दोन टोकांना धरायची, झटकायची, ताणायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं. घरी अबोला असला तरी यावं लागायचं. पाचव्या-सहाव्या चादरीला अबोला मोडायचा.

मग किमान वेतन वाढल्याची बातमी आली.

घरमालक त्याच संध्याकाळी दारात. "अभिनंदन, वहिनी! पुढल्या महिन्यापासून भाडं वाढवतोय."

दूध वाढलं. तेल वाढलं. शाळेची फी वाढली. पगार?

पगाराचं मुकादमानं सांगितलं. "सरकारनं वाढवलंय, तर साहेबांनी माणसं कमी केलीत. चादरींच्या घडीला एकच बाई. कोण राहणार ते तुम्ही घरात ठरवा."

"पाप तुमचं आणि शिजवायचं आमच्या चुलीवर?" थोरली म्हणाली. "एकटीनं कशी घालायची घडी?"

"टेबलावर घाल. जग घालतं."

घरात कुणीच काही ठरवलं नाही. दोघींचे नवरे जमिनीकडे बघत जेवले. सकाळी ओट्यावर एकच डबा भरलेला होता. थोरलीचा.

"मला कंटाळाच आला होता त्या चादरींचा," धाकटी भांडी घासत म्हणाली.

"खोटं बोलताना तरी वर बघ!"

तिनं वर बघितलं नाही. थोरलीनं डबा असा उचलला की झाकण उडालं.

टेबलावर घड्या तिरक्या पडल्या, चुण्या राहिल्या. दुपारी मुकादम धावत आला. "वरून तक्रार आलीय! पाहुणे खोळंबलेत. हात चालव!"

थोरलीनं चादर उचलली, दोन कोपरे त्याच्या छातीवर टेकवले.

"धरा."

"मी?"

"घडीला माणूस कमी आहे. धरा!"

त्यानं धरले. तिनं असा हिसका दिला की तो दोन पावलं पुढं आला.

"मागं व्हा. ताणा. अजून. पोटात अन्न आहे ना?"

चादर ताठ झाली. आता जवळ यायचं असतं. तो वाट बघत राहिला, हात पसरून, कपाळावर घाम.

थोरली जागची हलली नाही.

"या," ती म्हणाली. "तुम्ही या चालत."