एककमी काकांचं पाकीट

कुणाच्या अंगाला काय चिकटेल ते सांगता येत नाही. कुणाला पैसा चिकटतो, कुणाला कीर्ती. बाइंडरकाकांना मात्र "एककमी" हे नाव चिकटलं होतं आणि पाच वर्षं झाली तरी ते सुटायचं नाव घेत नव्हतं.

झालं होतं ते असं. गल्लीच्या वाचनालयातल्या बाई नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि एका मताने पडल्या. एक म्हणजे अगदी एकच. आता गल्लीत त्या दिवशी मत द्यायला कोण गेलं नव्हतं, याचा शोध सुरू झाला, आणि तो फार लांब न्यावा लागला नाही. काका दुकानात एका जाडजूड शब्दकोशाचं कव्हर वाळायची वाट बघत बसले होते. ओलं कव्हर दाबाखाली टाकून उठायचं नाही, हा त्यांचा नेम. कव्हर वाळेल मग जाऊ, वाळेल मग जाऊ करता करता मतदान केंद्राचं दार बंद झालं. कव्हर तेव्हाही ओलंच होतं.

तेव्हापासून चहात साखर कमी पडली तरी लोक म्हणत, "काका, एक चमचा कमी." जिन्याला एक पायरी कमी, शर्टाला एक गुंडी कमी. पोरं खेळताना गडी मोजत आणि काका दिसले की एक कमी करत. वाचनालयातल्या बाई तेवढ्या कधी काही बोलल्या नाहीत. पुस्तकं मात्र पूर्वीसारखीच शिवायला पाठवत राहिल्या, आणि काकांना त्याचाच जास्त त्रास होई.

म्हणून या वेळी देशाची निवडणूक जाहीर झाली तेव्हा काकांनी ठरवलं, जीव गेला तरी चालेल पण मत जाऊ द्यायचं नाही. पण नशीबही असं की आधी पायच गेला. स्वतः बांधलेल्या कोशाच्या अकरा खंडांची चवड रचून, तिच्यावर चढून ते बारावा खंड काढायला गेले आणि खाली आले. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर बसलं.

"खंड एकही हलला नाही बरं का," दवाखान्यात ते सगळ्यांना सांगत होते. "मी हललो. बांधणी नाही हलली."

ज्यांना केंद्रापर्यंत जाता येत नाही त्यांना टपालाने मत देता येतं, हे शेजारच्या हेडमास्तरांनी शोधून काढलं. हेडमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण कुणाला काही समजावून सांगायची संधी मिळाली की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे. त्यांनीच अर्ज भरला, डॉक्टरचा दाखला जोडला, स्वतः जाऊन कचेरीत दिला. पंधरा दिवसांनी टपालाने पुडकं आलं. त्यात चार गोष्टी होत्या: मतपत्रिका, एक छोटं पाकीट, एक मोठं पाकीट आणि "हे मत मीच दिलं" असं लिहून द्यायचा प्रतिज्ञेचा कागद.

पुडकं यायलाच उशीर झाला होता. शुक्रवारी मोजणी, आणि त्याआधी पाकीट पोहोचायचं तर मंगळवारची चारची डाक गाठायला हवी. त्यापुढे आलेलं मत कुणी उघडूनही बघत नाही. तर मंगळवारी दुपारी तीन वाजता घरात मतदान सुरू झालं.

प्रतिज्ञेच्या कागदावर काकांनी सही केली, साक्षीदार म्हणून हेडमास्तरांनी केली. मग काका म्हणाले, "आता सगळे बाहेर."

"सगळे म्हणजे कोण? मी नि मास्तर," काकू म्हणाल्या.

"तू स्वयंपाकघरात. मास्तर, तुम्ही गॅलरीत. आणि जाताना तो आरसा भिंतीकडे फिरवा."

"आरसा कुणाला सांगणार आहे हो?"

"मत गुप्त असतं!"

हेडमास्तर गॅलरीच्या दारातून ओरडले, "मतपत्रिका छोट्या पाकिटात! छोटं पाकीट बंद! प्रतिज्ञा आणि छोटं पाकीट, दोन्ही मोठ्यात!"

"मास्तर, चाळीस वर्षं मी कागद आत घालण्याचंच काम करतोय," काका म्हणाले आणि त्यांनी दार लोटायला काठी लांब केली.

एकटे पडल्यावर काकांनी पेनाने खूण केली. हाडाच्या पट्टीने दाबून मतपत्रिकेच्या अशा घड्या घातल्या की तिच्या आत मुंगी शिरली असती तर तिलाही मत कळलं नसतं. ती छोट्या पाकिटात घातली. टेबलावर प्रतिज्ञेचा कागद सुटा पडला होता. सुटा कागद दिसला की काकांच्या हाताला खाज सुटे. पुस्तकाचं एक पान बाहेर राहिलं तर ते पुस्तक कसलं? हात आपोआप गेला, कागदाची घडी झाली आणि तोही त्याच पाकिटात, मतपत्रिकेच्या पोटाशी जाऊन बसला.

मग पाकीट बंद करायचं. पाकिटाच्या झाकणावर आयता डिंक होता. काकांनी तो बोटाने चाचपला, तोंड वाकडं केलं आणि ओल्या फडक्याने खरवडून पुसून काढला. त्यांच्या हातून सरकारी डिंकावर भरवसा ठेवून काही बाहेर गेलं असतं तर लोक काय म्हणाले असते? शेजारी वाटीत काकूंनी सकाळीच शिजवलेली मैद्याची खळ होती. ती त्यांनी ब्रशने कडेपासून कडेपर्यंत लावली, पट्टी फिरवली आणि वर कोशाचे दोन खंड ठेवले.

"या आता!"

हेडमास्तर आत आले. त्यांनी मोठं पाकीट हातात घेतलं, आत डोकावून पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं.

"प्रतिज्ञा कुठाय?"

"आत."

"कशाच्या आत?"

काकांनी खंडांखालच्या छोट्या पाकिटाकडे बोट दाखवलं. बोट अर्ध्यावरच थांबलं आणि चेहऱ्यावरचा रंग प्लास्टरसारखा झाला.

"अहो, मी गॅलरीतून घसा फोडून काय सांगत होतो?" हेडमास्तर म्हणाले. "प्रतिज्ञा बाहेर हवी! ती बघून, ती बरोबर असेल तरच छोटं पाकीट उघडतात. नाही दिसली तर न उघडताच बाद!"

"मग दुसरं पाकीट मागवा."

हेडमास्तरांनी कचेरीत फोन लावला. बराच वेळ "हो, हो, बरं, हो" झालं. फोन ठेवून ते म्हणाले, "दुसरं पुडकं यायला आठ दिवस."

"आणि हे फाडलं तर?"

हेडमास्तरांनी सूचनांचा कागद डोळ्यांजवळ नेला. "फाटलेलं पाकीट बाद."

घड्याळात सव्वातीन झाले होते. काका खुर्चीत मागे रेलले. "झालं. म्हणजे पुन्हा एक कमी."

"वाफेवर धरू या," काकू दारातून म्हणाल्या. "सुटेल."

"काय सुटेल?"

"पाकीट."

"माझ्या खळीने चिकटवलेलं?" काका दुःखातही हसले. "अगं, पुरात सापडलेली पुस्तकं आली होती आपल्याकडे. पानांचा लगदा झाला होता, पण कव्हर? कव्हर जागचं हललं नव्हतं. लोक दाखले देतात माझ्या खळीचे."

"सुटेल म्हणते ना."

"नाही सुटणार."

"अहो, सुटेल!"

"तुला काय माहीत?"

काकूंनी पदराला हात पुसले. खरं तर हात कोरडेच होते. "मला नाही तर कुणाला माहीत असणार? शिजवते मी. तुम्ही सांगायचात दाट कर, चमचा उभा राहिला पाहिजे. तुम्हाला काय, सांगायला! तीन शेगड्यांवर तीन पातेली, आणि ढवळायचं अर्धा अर्धा तास. मनगट जायचं माझं. पहिलं वर्ष केली दाट. मग एक तांब्या पाणी वाढवलं. तुम्हाला कळलं नाही. मग दोन वाढवले."

"दोन?"

"हल्ली तीन."

हेडमास्तरांनी भिंतीकडे तोंड केलेला आरसा उगाचच सरळ केला.

"पण मग ती कव्हरं..." काका म्हणाले.

"कव्हरं दोऱ्याने राहिली. शिवण तुमची पक्की. खळ आपली नावाला."

काकांनी डोळे मिटले. चाळीस वर्षांची कव्हरं एकामागून एक त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. गेल्यावर त्यातलं एक परत आलं. जाडजूड होतं आणि संध्याकाळपर्यंत ओलंच होतं. त्यांनी डोळे उघडले.

"म्हणजे त्या दिवशी ते शब्दकोशाचं कव्हर वाळत नव्हतं, ते..."

काकू जमिनीकडे बघत म्हणाल्या, "पाच वर्षं सांगीन सांगीन म्हणत होते."

"वाचनालयातल्या बाई तुझ्या तीन तांब्यांनी पडल्या!"

"तेव्हा दोनच होते," काकू म्हणाल्या.

हेडमास्तरांना ठसका लागला. तो हसण्याचा होता की खरा, हे त्यांनी रुमालाआड ठेवलं. काका मात्र काकूंकडे बघत राहिले. रागवायचं की नाही हे त्यांना ठरवता येईना. रागवावं तर खळ पातळ होती म्हणूनच पाकीट सुटणार होतं. आणि खूश व्हावं, तर चाळीस वर्षांची अब्रू त्याच वाफेबरोबर उडून जाणार होती. घड्याळ साडेतीनला टेकलं.

"ठेव पाणी," ते म्हणाले.

काकूंनी उकळती किटली टेबलावर आणली, काकांनी तिच्या तोंडाशी पाकीट धरलं आणि मनात आकडे मोजायला घेतले. सातला झाकण आपणहून उघडलं. जांभई दिल्यासारखं.

"सातला!" काका म्हणाले. "निदान वीस तरी म्हटलं होतं मी."

"डोळे मिटा दोघांनी," असं त्यांनी पुढे बजावलं, चिमट्याने प्रतिज्ञा अलगद ओढून काढली आणि मतपत्रिका होती तिथेच राहू दिली. मग नाकाला वाटी लावून त्यांनी उरलेल्या खळीचा वास घेतला. चाळीस वर्षांत हे त्यांना सुचलं नव्हतं.

"ही नको," ते म्हणाले. "पातेलं इकडे आण. मैदा आण. पाणी मी घालीन."

"अहो, दहा मिनिटं राहिलीत!"

"मला शेगडीपाशी न्या."

हेडमास्तरांनी आणि काकूंनी खुर्ची ओढत स्वयंपाकघरात नेली, प्लास्टरचा पाय पिठाच्या डब्यावर ठेवला आणि काका ढवळायला लागले. दोन मिनिटांत चमचा जड झाला. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी हात बदलला. चौथ्या मिनिटाला त्यांनी मनगट झटकलं आणि काकूंकडे चोरून पाहिलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, पण हसत होत्या.

"रोज तीन पातेली?" काकांनी हळूच विचारलं.

"शाळा उघडायच्या दिवसांत पाच."

काकांनी पुन्हा हात बदलला. चमचा पातेल्यात उभा राहिला तेव्हा त्यांनी ढवळणं थांबवलं. छोटं पाकीट बंद झालं, मग प्रतिज्ञेसकट मोठ्यात गेलं, मोठंही बंद झालं. प्रत्येक पायरीला हेडमास्तर मोठ्याने सूचना वाचत होते आणि काका पहिलीतल्या मुलासारखे "हो गुरुजी" म्हणत होते.

इतक्यात खाली सायकलची घंटा वाजली. चारची डाक न्यायला पोस्टमन वर आला, त्याने पाकीट घेतलं, पिशवीत टाकायला गेला आणि थबकला.

"काका, हे हातातून सुटत नाहीये."

खरंच सुटत नव्हतं. खळ कडेने बाहेर आली होती आणि त्याचा अंगठा पाकिटाला असा बसला होता की जणू तोही मतदाराच्या कागदपत्रांतच होता.

"ओढू नकोस!" हेडमास्तर किंचाळले. "फाटलेलं पाकीट बाद!"

"मग काय करू?"

"तसाच जा," काका म्हणाले. "पोस्टात गेल्यावर कोमट पाण्याने सोडव. वाफेने नको, वाफेने काही व्हायचं नाही."

पोस्टमन एका हाताने सायकल चालवत, दुसरा हात वर धरून गल्लीतून निघाला. पाकीट झेंड्यासारखं वाऱ्यावर वाळत चाललं होतं. खेळणारी पोरं थांबली. वाचनालयाच्या दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय रे ते?"

"बाइंडरकाकांचं मत!" पोस्टमन ओरडला. "सुटतच नाहीये!"

बाईंनी वर खिडकीकडे पाहिलं. काका खुर्चीत बसले होते, कपाळावर मैदा होता. पाच वर्षांत पहिल्यांदा बाई हसल्या आणि त्यांनी हात हलवला. काकांनाही हात हलवायचा होता, पण त्यांच्या उजव्या हाताला चमचा चिकटला होता. म्हणून त्यांनी चमचाच हलवला.

"आता सोडवू का तो?" काकूंनी विचारलं.

"राहू दे जरा," काका म्हणाले. "आणि उद्यापासून खळीत तांब्याभर पाणी घालत जा."

"एकच?"

काकांनी मनगट चोळलं. "दोन घाल," ते म्हणाले. "मास्तरांना मात्र सांगू नको."

"मी इथेच उभा आहे," हेडमास्तर म्हणाले.