तांबडीच्या पोटात उरलेला मी

मित्रांनो, मी एका तांबड्या गाईच्या पोटात राहणारा जुना जंतू आहे. जंतू म्हटलं की तुम्ही नाक मुरडता, हात धुवायला पळता. पण मी कुणाचं वाईट करत नाही. गवत कुजवणं, एवढंच माझं काम.

तांबडी वासरू असताना तिची आई तिला चाटायची. त्या जिभेवरून माझे पूर्वज तिच्या पोटात आले. गाय गवत खाते खरी, पण ते पचवणं तिच्या एकटीच्या हातचं नाही. ती आम्हाला चारा आणि ऊब द्यायची. आम्ही त्या चाऱ्यातलं सत्त्व मोकळं करून तिला द्यायचो. पोटाच्या पहिल्या कप्प्यात आमची एवढी दाटी होती, की एकटेपण हा शब्दच मला ठाऊक नव्हता.

तांबडीला सांभाळायची थोरली जाऊ. पलीकडे धाकटी जाऊ आणि तिची काळी गाय. वाटणीत गोठ्याच्या मधोमध भिंत आली, तेव्हापासून दोघी जावांचा अबोला होता. थोरली आपली सुखदुःखं तांबडीलाच सांगायची. दूध चांगलं निघालं की म्हणायची, "गुणाची गं माझी बाई!" तिचा आवाज कातडीतून आत यायचा. कौतुक अर्थात तांबडीचं. आम्ही आहोत, हेच थोरलीला माहीत नव्हतं.

एकदा तांबडीच्या खुराला जखम झाली. थोरलीच्या कपाटात स्वतःच्या आजारपणातल्या, जंतू मारणाऱ्या गोळ्या उरल्या होत्या. कुणाला न विचारता तिने त्या पिठात मळून मूठभर चारल्या. "खा गं, लवकर बरी हो," म्हणत तिची पाठ थोपटली.

आत हाहाकार उडाला. माझ्या शेजारचे विरघळले, त्यांच्या पलीकडचेही. मी एका जाड काडीच्या पोकळीत अडकलो होतो, म्हणून वाचलो. बाहेर आलो तर सगळीकडे सामसूम. चारा तसाच पडून होता. मी एका काडीला भिडलो, पण एकट्याने कुठे कुठे पुरं पडणार? तांबडीने रवंथ थांबवला. मग तिने चाऱ्यावरून तोंड फिरवलं, आणि एके सकाळी ती उठलीच नाही.

गुरांचा डॉक्टर आला. त्याने तांबडीच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धरली.

"बाई, पोट हलतच नाही. काय चारलंत?"

थोरलीने रडत सांगितलं.

"पचवणारे जंतूच मेलेत. आता धडधाकट गाईच्या पोटातलं पाणी हिला पाजावं लागेल. आहे कुणाची जवळपास?"

थोरलीने पदराने डोळे पुसले. मग ती भिंतीला वळसा घालून धाकटीकडे गेली.

"तुझ्या काळीचं जरा काम होतं गं," तिचा आवाज आला. "पण तू नाही म्हणालीस, तरी माझी तक्रार नाही."

"अहो जाऊबाई, दारात काय उभ्या राहिलात? आधी गाय जगू द्या. भांडायला आयुष्य पडलंय!"

डॉक्टरने नळीने काळीच्या पोटातलं पाणी काढलं, फडक्याने गाळलं आणि कोमट असतानाच तांबडीला पाजलं. हजारो, लाखो जंतू माझ्या अवतीभवती कोसळले आणि लगेच कामाला लागले. दोन दिवसांनी तांबडी उठली, तिने चाऱ्याला तोंड लावलं. बाहेर दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

मलाही आनंद झाला. पण हे सगळे काळीचे. त्यांची वस्ती जुनी, ओळखी जुन्या. आमच्या तांबडीची आई कशी चाटायची, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. मी त्यांच्यात राबतो, गर्दीत असतो. माझं म्हणावं असं कुणी नाही.

मित्रांनो, तुमच्याही पोटात अशी वस्ती आहे. तुम्ही एकटेच जेवायला बसलात, तरी ते तुमच्या पंगतीला असतात. औषध लागलं तर जरूर घ्या, पण डॉक्टरला विचारून. हाताला लागली ती गोळी उगाच गिळू नका, मुक्या जनावरालाही चारू नका. पोट फार मोठं असतं, मित्रांनो, आणि मागे उरणारा फार लहान.