ठिपक्यांची गाडी

गेणभाऊ चहाला उठला, तशी बहिरूने सदऱ्याच्या खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. बाटली त्याच्या लेकीची, मोहिनीची, आणि तिला न विचारता आणलेली. इकडेतिकडे बघत त्याने मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरवर एक लाल ठिपका दिला. मग बॅटरीवर, मग मॅग्नेटच्या झाकणावर, मग चेनच्या एका कडीवर. समोरच्या टपरीत चहा गाळणारी गोजरबाई हे सगळं बघत होती.

"काय रं बहिरू, कुकू लावतो का गाडीला?"

"व्हय. नवी हाय ना," बहिरू बाटली खिशात सरकवत म्हणाला.

गाडी कसली नवी! लोणीच्या कुंडलिक नावाच्या शेतकऱ्याने तिच्यावर वर्षानुवर्षं दुधाच्या किटल्या वाहिल्या होत्या. सीट फाटलेलं, रंग उडालेला, आणि दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे. हे आकडे बघून बहिरूला पहिल्याच दिवशी वास आला होता, की हिच्यावरून चोरून दारू नेत असणार. त्याने खरोखरच आकड्यांना नाक लावलं. आंबलेल्या दुधाचा वास आला. तरी घरी परतताना तो म्हणालाच, "दारूचा वास मारायला दूध वतत असतील."

असा हा बहिरू. घाटघरचा राहणारा, जवळच्या एका आश्रमशाळेत कामाठी, म्हणजे मुलांचा भात रांधणारा. देवळात गेला तर एक चप्पल या दाराला काढायचा आणि दुसरी त्या दाराला, म्हणजे जोडी कोणी नेणार नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. बहिरू हापशाचं पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. त्याला कारणही होतं. लहानपणी बापाबरोबर तो हिरडा विकायला खाली यायचा. रानात वेचून, वाळवून, डोक्यावरून आणलेलं पोतं व्यापाऱ्याच्या काट्यावर चढलं की हलकं व्हायचं. बाप काही बोलायचा नाही. येताना वाटेत फक्त म्हणायचा, "गोड बोलनाऱ्याचा काटा आधी बघावा."

त्याच बापाने त्याला शेरडांची खूण शिकवली होती. घाटघरात शेरडं एकत्र चरायला जायची, म्हणून घरोघरी पाठीवर रंगाचा पट्टा ओढायचे. बहिरूचा बाप पट्टा तर ओढायचाच, शिवाय कानाच्या आतल्या बाजूला एक बारीक खाच पाडायचा. म्हणायचा, "रंगाची खूण जगाला, कानातली आपल्याला. रंग धुता येतो."

त्यामुळे ठिपके देण्याच्या आदल्या रविवारीच बहिरूने दाभणाने खाचाही पाडून ठेवल्या होत्या: बॅटरीच्या बुडाला, झाकणाच्या आतून, कार्ब्युरेटरच्या पोटाखाली. ठिपके जगाला, खाचा त्याला.

आता हे सगळं कोणाच्या दुकानात? तर गेणभाऊच्या. गेणभाऊ मूळचा येडगावचा. आश्रमशाळेची पाण्याची मोटर बिघडली की तोच यायचा, आणि आला की बहिरूच्या हातचा भात जेवून जायचा. घरीही येणंजाणं होतं; बहिरूच्या बायकोला, रत्नाला, तो ताई म्हणायचा, मोहिनी त्याला मामा म्हणायची. जुन्नरच्या बाहेर, आपटाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याची पत्र्याची शेड होती. लोणीला गाडी बघायला तोच बरोबर आला होता. त्यानेच इंजिनाला कान लावून सांगितलं होतं, "घे बहिऱ्या, हिचं काळीज चांगलं हाय. वरचं काय, आपन नटवू."

गाडी हवीच होती. मोहिनीला जुन्नरच्या आयटीआयमध्ये प्रवेश मिळाला होता, आणि तिचा वर्ग सुटायच्या आत घाटघरची शेवटची एसटी निघून जायची. वसतिगृहात लेक ठेवायची, तर तिथल्या लोकांवर बहिरूचा विश्वास नाही. जीपवाल्यावर तर नाहीच नाही. म्हणजे सरळ हिशेब होता. गाडी झाली तर पोरगी शिकणार, नाही तर घरी बसणार. बहिरूला ही एकच भीती होती, आणि माणूस घाबरला की जास्तच संशयी होतो.

नवे सुटे भाग घेण्याइतका बहिरूचा खिसा नव्हता. गेणभाऊने भंगारातून हँडल शोधून आणलं, कारण घाटात उंच हँडल बरं. जुन्या खाटेच्या पट्ट्या वाकवून सामानाचं कॅरिअर केलं. मागच्या चाकाचं दातेरी चक्र बदलून मोठं घातलं, म्हणजे दोघं बसली तरी चढाला गाडी धापा टाकणार नाही. दुधाचे आकडे मात्र त्याने कापले नाहीत. "पोरीचं दप्तर आडकवायला व्हत्याल," तो म्हणाला. रत्नाला कधी बसवायचं म्हणून साडी गार्ड लावला. मोहिनीने मोरपंखी रंग मागितला होता, तर टाकीला मोरपंखी रंग दिला.

बहिरू दर रविवारी उलट्या खोक्यावर बसून प्रत्येक नटावर डोळा ठेवायचा. गेणभाऊ हसायचा. "आरं बहिऱ्या, पापनी तरी लवव. मागं कायतरी लिहितात लोकं, 'आईचा आशीर्वाद' वगैरे. तुझ्या गाडीवर काय लिहू? 'मोजून घ्या'?"

गोजरबाईही हसायची. बहिरू हसल्यासारखं करायचा आणि मनात म्हणायचा, लई हसवतोय, म्हणजे कायतरी लपवतोय.

शाळेचं काम सोडून त्याला रोज येता यायचं नाही. मधले सगळे दिवस गाडी गेणभाऊच्या ताब्यात. भात ढवळताना त्याच्या डोळ्यांसमोर यायचं, की आपला कार्ब्युरेटर काढून दुसऱ्या कोणाच्या गाडीला लावलाय. एकदा तर भात करपला.

गाडी तयार झाली तो रविवार बाजाराचा. रस्त्यावर माणसं, टेंपो, टोपल्या. गेणभाऊने गाडी शेडमधून बाहेर उन्हात आणून लावली आणि फडक्याने टाकी पुसली. मोरपंखी रंग असा काही चमकला की जाणारे-येणारे थांबले. बहिरूही क्षणभर बघतच राहिला. आयुष्यातली पहिली गाडी! मग त्याने खाली वाकून ठिपके बघितले.

ठिपके होते. सगळे होते. पण रंग वेगळा होता.

मोहिनीची बाटली गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखी. हे ठिपके भडक, नारिंगीकडे झुकणारे. शेडच्या अंधारात कळले नसते, उन्हात लख्ख कळत होते. शितावरून भाताची परीक्षा करणारा तो माणूस. त्याने एक बघितला, दुसरा बघितला, आणि त्याची खात्री पटली. माल बदलला आणि वर खोटी खूण केली! बापाच्या शेरडाला दुसऱ्याने रंग लावला!

"गेणभाऊ, ह्ये ठिपकं माझं न्हाईत!"

"काय?"

"माझं न्हाईत म्हनतो! सामान काढून घेतलं आन वर माझ्यासारखं ठिपकं दिलं. मला काय येडा समजला का? माझ्या घरी जेवला तू, माझ्याच घरात काटा मारला!"

त्याचा आवाज चढला. बाजाराला निघालेली माणसं जमली. सार्थक नावाचा एक तरुण सर्व्हिसिंगसाठी गाडी लावून उभा होता. त्याने चावी काढली आणि हळूच आपली गाडी ढकलत रस्त्याकडे नेली. गेणभाऊने त्याच्याकडे बघितलं, बहिरूकडे बघितलं. हातातलं फडकं घडी घालून त्याने खांद्यावर टाकलं.

"झालं बोलून?"

"न्हाई झालं! चोर तो चोर, आन..."

"गाडी घेऊन जावा पावणं," गेणभाऊ म्हणाला.

बहिरूने मजुरी स्टुलावर आपटली, किक मारली आणि निघाला. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. चोराचा माल आहे, चालणारच, असं त्याने स्वतःला सांगितलं. आपटाळे मागे पडलं, चढ लागला, गाडी एका लयीत चढत राहिली. त्याच्या डोक्यात मात्र एकच शब्द अडकला होता. इतक्या वर्षांत गेणभाऊने त्याला बहिऱ्या म्हटलं, येड्या म्हटलं, रागात शिव्याही दिल्या. पावणं कधी म्हटलं नव्हतं.

रागात माणूस कानातली खूण विसरतो. बहिरूला ती दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना आठवली. त्याने तोंडही धुतलं नाही. शेजाऱ्याकडून पाने मागून आणले आणि अंगणात गाडी उघडायला बसला. मोहिनी ओट्यावर उभी होती, रत्ना चुलीपाशी.

आधी बॅटरी. उचलून बुड बघितलं, तर दाभणाची खाच तिथंच होती. "बॅटरी जुनीच हाय, ती कशाला बदलील?" तो स्वतःशी म्हणाला. मग मॅग्नेटचं झाकण. आतून बोट फिरवलं. खाच होती. "झाकनाला कोन घेतं?" मग कार्ब्युरेटर. तो काढताना त्याचा हात सोलला, पेट्रोल सांडलं. पालथा करून त्याने तो उन्हात धरला. पोटाखाली त्याची खाच, आणि आजूबाजूचं सगळं इतकं स्वच्छ घासलेलं, की त्याला आपला चेहरा अंधुक दिसला.

"घावली का चोरी?" रत्नाने विचारलं.

बहिरूने कार्ब्युरेटर पुन्हा पालथा करून बघितला.

"मग ठिपकं कुणी दिलं, बाबा?" मोहिनी म्हणाली. त्यालाही तेच कळत नव्हतं.

उघडलेली गाडी त्याला काही नीट जोडता आली नाही. कशीबशी बसवली, तर चेन खडखडायला लागली. रविवारी तो मोहिनीला मागे बसवून खाली आला. पण शेडपाशी जायचा धीर होईना. आधी टपरीवर थांबला. गोजरबाईने चहा दिला नाही, आधी बोलून घेतलं.

"त्यो सामान थिनरनं धुतो, तारेच्या ब्रशनं घासतो. तुझं ठिपकं ऱ्हातील व्हय? सगळं गेलं. मी म्हनलं, जाऊ दे की. तर म्हनला, न्हाई गोजरे, त्याला ठिपकं दिसलं न्हाईत तर त्याचा जीव खालीवर व्हईल, गरिबाची पयली गाडी हाय. बांगड्याच्या दुकानात गेला. पिकल्या मिशांचा बाप्या लाल बाटली मागतोय म्हनून पोरी हसल्या त्याला. डोळ्याला चष्मा लावून एकेक ठिपका दिला. म्या बघितलं."

मग तिने चहाचा ग्लास पुढे केला, तो टपरीच्या फळीवर तसाच राहिला. बहिरूला रडू आलं, भर रस्त्यात, आणि त्याने ते लपवलंही नाही.

गेणभाऊ शेडमध्ये एका पंपाला गुंतला होता. त्या बाजारानंतर गिऱ्हाईक तुटल्याचं दिसतच होतं. एरवी रविवारी गाड्या रस्त्यापर्यंत लागायच्या. मोहिनीने "मामा" म्हणून हाक मारली, तशी त्याने मान वर करून तिला हात केला. "आली का बाई? कालेज सुरू झालं ना?"

"झालं मामा."

"लई शीक."

बहिरू पुढे झाला. "गेणभाऊ, चुकलं माझं. मी खाचा बघितल्या. सगळं माझंच हाय. चार मान्सांत बोललो, आता चार मान्सांतच..."

"काम काय हाय?"

"चेन वाजती. पन गेणभाऊ..."

गेणभाऊने हात पुसले. पान्यांच्या डब्यामागून त्याने एक छोटी बाटली काढली, भडक, नारिंगीकडे झुकणाऱ्या लाल रंगाची, आणि ती दोघांच्या मधल्या स्टुलावर ठेवली.

"आधी ठिपकं द्या, पावणं. मग हात लावतो."

"आरं, न्हाई लागत आता मला ठिपकं!"

"तुमाला न्हाई लागत," गेणभाऊ म्हणाला. "मला लागत्यात."

मोहिनी बापाकडे बघत राहिली. बहिरू गाडीपाशी उकिडवा बसला. त्याने बाटलीचं टोपण उघडलं. पहिला ठिपका फरफटला. दुसरा बसला. कार्ब्युरेटर, बॅटरी, झाकण, चेनची कडी. तो एकेक ठिपका देत गेला, आणि गेणभाऊ पाठ फिरवून, फडकं खांद्यावर टाकून, ते सुकायची वाट बघत उभा राहिला.