तळ्यावरची पोकळ खेकडी

नेवाशाकडच्या त्या दोन एकरांवर उसाला पाणी देऊन देऊन मीठ फुटलं होतं. बोअरचं पाणीही खारट. काहीच उगवेना, तेव्हा मत्स्यपालन शिकून आलेल्या निकितानं तिथं तळं खणून कोकणातली खेकडी सोडली. आणखी पिल्लं आणायला ती रत्नागिरीला गेली आणि तळं आईवर, विजयमालावर, सोपवून गेली.

सकाळी खाणं टाकायला गेलेल्या विजयमालाला काठावर सहा खेकडी दिसली. नांग्या, पाय, सगळं जागच्या जागी. उचलून पाहिली तर आत काहीच नाही. तिला कळेना, मांस गेलं कुठं? चोरानं नेलं म्हणावं, तर कवच न फोडता काढलं कसं?

परवाच बांधापलीकडच्या लंकाबाई म्हणाल्या होत्या, खेकड्याचा रस्सा कंबरेला चांगला असतो म्हणे. विजयमाला एक कवच घेऊन त्यांच्या दारात गेली.

"लंकाबाई, कंबर कशी हाय तुमची?"

"हाय तशीच." लंकाबाईंनी कवचाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्यांचा चेहरा उतरला. "म्या खाल्ला म्हनतीस व्हय? न फोडता?"

लंकाबाईंनी हाताचं पीठ झटकलं. "चल, दाव मला."

काठाच्या दगडाखाली काहीतरी हललं. विजयमाला नको म्हणेपर्यंत लंकाबाईंनी हात घालून खेकडा बाहेर काढला. तो चावला नाही. कणकेसारखा मऊ होता, जिवंत होता, आणि कवचापेक्षा चांगला मोठा.

"ह्यो ह्याच्यात मावत हुता?" लंकाबाई म्हणाल्या.

विजयमालानं निकिताला फोन लावला.

"आई, कात टाकलीय त्यांनी. वाढताना टाकतात. सांगायचं राहूनच गेलं बघ. आता ते मऊ आहेत, बाकीचे त्यांना खातील. लपायला काहीतरी टाक, लवकर."

लंकाबाईंच्या गोठ्यामागं जुनी कौलं पडून होती. त्यांनीच ती पाटीत भरून आणली. दुपारपर्यंत दोघी गुडघाभर पाण्यात कौलं मांडत होत्या. मऊ खेकडी चारच सापडली. उरलेली दोन लपली की खाल्ली गेली, ते काही समजलं नाही.

"लंकाबाई," विजयमाला खाली बघत म्हणाली, "मी उगाच तुमच्यावर आळ घेतला."

"व्हय. लई लागलं मला," लंकाबाई म्हणाल्या आणि पुढचं कौल तिच्या हातात दिलं.