माझा सहावा नियम

मित्रांनो, मी एक जुनी नियमावली आहे. मला कागद नाही, मी फक्त पडद्यावर दिसते. 'ढोल्या पोपट' हे बाहुल्यांचे खेळ एके काळी हैदराबादेतल्या मराठी मुलांचे फार लाडके होते. त्यांच्या चाहत्यांनी इंटरनेटवर एक विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचा माहितीकोश, उभा केला. त्यात कसं लिहावं, ते मी सांगते.

मला त्या चाहत्यांपैकीच एका प्राजक्तानं लिहिलं, हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या घरात, लेकीच्या दुपारच्या झोपेत. एक नियम लिहायची, उठून पाळण्यात डोकावायची, पुन्हा बसायची. इथली मुलं मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. आपली लेकही तशीच झाली तर? ही धास्ती तिला सोडत नव्हती. म्हणून सहावा नियम आला: 'प्रत्येक माहितीला छापील पुरावा हवा, आणि तो मराठीतच हवा.' कुणी मला बिघडवू नये म्हणून तिनं आणखी एक लिहिला: 'नियम बदलायला सात दिवसांत पाच मतं हवीत.'

"शिस्त असावी तर अशी!" विकीवरच्या नोंदी तपासणारे पुण्याचे सुधीरदादा म्हणाले. मला किती बरं वाटलं होतं!

पुढं मला कुणी वाचेना. नवे सभासद 'वाचलं, मान्य' यावर टिचकी मारून निघून जात. रोशनीनंही तेच केलं. 'पोपटाचा आवाज: अज्ञात' असं होतं तिथं तिनं आपल्या आजीचं, मालनबाईंचं, नाव घातलं आणि पुरावा म्हणून खेळाची जुनी पत्रिका जोडली. पत्रिका तेलुगूत होती. सुधीरदादांनी नाव काढलं. तिनं पुन्हा घातलं. त्यांनी पुन्हा काढलं आणि लिहिलं, 'नियम सहा पाहा.'

प्राजक्ताला तेलुगू येतं. तिनं लगेच फोन लावला. "दादा, पत्रिकेवर स्पष्ट छापलंय, पोपटाचा आवाज मालनबाई."

"मला ती जिलेबी वाचता येत नाही गं."

"मी भाषांतर करून देते ना!"

"आणि ते तपासणार कोण? नियम तुझाच आहे, प्राजक्ता. बदलायचा तर मतं घे."

तिनं फोन ठेवला आणि 'पुरावा कुठल्याही भाषेतला चालेल' या बदलासाठी मतं मागवली. मला ओरडावंसं वाटलं, की मला खोडा! पण मला स्वतःचं एक अक्षर हलवता येत नाही.

मालनबाईंना काचबिंदू आहे. सोमवारी कोठी भागातल्या दवाखान्यात ऑपरेशन आहे. त्यानंतर किती दिसेल, हे डॉक्टरही सांगत नाहीत. नजर आहे तोवर त्यांना आपलं नाव वाचायचंय. काल रोशनीनं मोबाइल त्यांच्या डोळ्यांजवळ धरला.

"मोठं कर की गं जरा. हौ, दिसलं. हा अज्ञात कोण म्हणायचा? भेटला तर सांग त्याला, पोपट मी केलता."

"आज्जी, मतं यायलीत. थांब थोडं."

"थांबते की. डोळ्यायला सांग थांबायला."

मित्रांनो, नियम जरूर करा. पण तो कुणाला लागेल, हे आधी त्या माणसांत जाऊन पाहा. आणि माझ्यासारखीला न वाचता 'मान्य' म्हणू नका.

आज शुक्रवार. तीन मतं आली आहेत. बाकीच्या सभासदांनी अजून मला उघडलेलंही नाही. तुमच्यापैकी कुणी सभासद असेल, तर सोमवारच्या आत मला उघडा. सहाव्या नियमाखाली 'बदल मान्य' असं बटण आहे. ते मला दाबता येत नाही.